माझी बाटली कंपाउंडरसाहेबांकडं आहे

माझी एक बाटली कंपाउंडरसाहेबांकडं राहिली. काचेची, रुंद तोंडाची, पत्र्याच्या झाकणाची. लातूरच्या एका औषधवाल्याशी पाऊण तास घासाघीस करून मी ती आणली होती. आत शंभर पांढऱ्या गोळ्या होत्या. त्यातल्या बत्तीस माझ्या पोटात गेल्या आणि अडुसष्ट साहेबांनी ठेवून घेतल्या. बाटली माझी, दाम माझे, गुडघाही माझाच. तरी पुढं नऊ वर्षं ती त्यांच्या दुकानात फळीवर बसून होती आणि मी समोर उभा राहून मागत होतो.

बाजारात मला कुणी फसवलं नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्यानं फसवलं त्याला पुढच्या हंगामात मी पुरता वसूल केला. हा एकच माणूस वसूल व्हायचा राहिला. बरं, चार शिव्या द्याव्यात तर तोंडातून अहो-जाहोच निघतं. याचाही मला राग आहे.

ते मूळचे सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर, निजामाच्या वेळचे. पोलिस ॲक्शन झाली, राज्य बदललं, दवाखान्यातल्या बरण्यांवरच्या उर्दू चिठ्ठ्या जाऊन दुसऱ्या आल्या. दोनेक वर्षांनी साहेबांनी नोकरी सोडली आणि कळंबच्या पेठेत औषधाचं दुकान टाकलं. लोक म्हणत होते, आता हे हैदराबादेला जाणार. ते येरमाळ्यापर्यंतसुद्धा गेले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "यहाँ के लोगाँ के पेट मेरेकू मालूम. उधर जाके नए पेट कौन सीखे?"

अंगानं उंच, वाळके. शेरवानीचं वरचं बटण कायम तुटलेलं. कानानं जवळजवळ बहिरे. बहिऱ्या माणसाला वाटतं, आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार. त्यामुळं साहेब दुकानात जे बोलायचे ते पार भुसार लाइनीच्या टोकापर्यंत पोचायचं.

आणि बोलायचे काय, तर तीन सवाल. सांधा धरलाय, पाठ मोडलीय, डोकं ठणकतंय असं म्हणत जो कुणी दुकानाची पायरी चढेल त्याला हे तीन सवाल व्हायचेच. पहिला, जेवलात का. दुसरा, कानात शिट्टी वाजते का. आणि तिसरा सगळ्यात मोठ्या आवाजात, परसाकडला काळं होतं का, डांबरासारखं.

तेरखेड्याचा शोभेची दारू भरणारा एकजण हाताची दोन बोटं भाजून घेऊन मलम न्यायला आला होता. त्यालाही तिसरा सवाल झाला.

"साहेब, बोट भाजलंय," तो बिचारा बोट वर धरून म्हणाला.

"हौ, दिसतंय. ठणकतंय ना? मग मलम घेऊन झालं की तुम्ही गोळी मागणार. मी आधीच विचारून ठेवतो."

पहिल्या सवालाला कुणी 'न्हाय' म्हटलं की फळीखालून पितळेचा डबा निघायचा. आत ज्वारीच्या भाकरीचे चतकोर. ते तिथंच बाकड्यावर बसून खायचे, वरून तांब्याभर पाणी प्यायचं, मग गोळी. ज्यांना त्यांच्या घरची भाकरी चालत नसे त्यांच्यासाठी दुसऱ्या डब्यात फुटाणे होते, शेजारच्या भट्टीवरून आणलेले. कुणापुढं कुठला डबा ठेवायचा हे साहेब न विचारता ठरवत आणि चुकत नसत. माझ्यापुढं पहिल्यापासून भाकरीचाच डबा आला. मी हमाल होतो तेव्हाही आणि अडत्या झालो तेव्हाही. हा मान होता की अपमान, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

पुडीवर ते अक्षर लिहीत नसत. एक मोठं वर्तुळ काढायचे आणि त्याच्यापुढं एक टिंब. वर्तुळ म्हणजे भाकरी, टिंब म्हणजे गोळी. आधी मोठं, मग बारीक. मी मोठेपणी, मिशा फुटल्यावर, पाटी घेऊन अक्षर शिकलेला माणूस. अडतीवरचा फलक स्वतःच्या हातानं रंगवला होता. मला अडाण्याची पुडी दिली म्हणून मी एकदा तडकलो.

"मला वाचता येतं, साहेब."

"लई छान," ते म्हणाले आणि तेच वर्तुळ माझ्या नाकापुढं धरलं. "मग वाचा."

मी हमाल होतो हे सांगितलंच. बारा वर्षं पाठीवर पोती वाहिली आणि मग त्याच बाजारात अडत टाकली. फलक बदलला, डोक्यावर पटका आला. पण पाठ आणि उजवा गुडघा हमालाचेच राहिले. अडत्याचं काम उभ्यानं करायचं. शेतकरी माल ओतून ठेवतो, ढिगाऱ्याभोवती खरेदीदार जमतात, आणि भाव कुणी तोंडानं बोलत नाही. दोघं हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगतात. बघणाऱ्याला नुसता रुमाल हललेला दिसतो. त्या धंद्यात मी दोन गोष्टी शिकलो. आपली नड समोरच्याला कळू द्यायची नाही. आणि रुमालाखाली दिलेलं बोट फिरवायचं नाही. तोंडानं माणूस काहीही बोलतो. बोट मात्र खरं लागतं.

यातली पहिली अक्कल मी साहेबांच्या दुकानात वापरायला गेलो.

"बारा द्या."

"दोन."

"रोज रोज यायला मला सवड न्हाय. आठ द्या."

"दोन."

"मी काय फुकट मागतोय व्हय? वर काय लागंल ते घ्या."

"वरचं घेऊन मी काय करू? तुमची आतडी शिवू?"

"बरं, पाच. तुमचं न्हाय, माझं न्हाय."

"सेठ, तुम्ही पाच मागा, पन्नास मागा. माझा हात दोनच्या पुढं मोजायला शिकलेला नाही."

मला 'सेठ' म्हणणारे ते बाजारातले पहिले. पण कसं म्हणायचे ते ऐकायला पाहिजे होतं. पोतं पाठीवर असताना मला 'बेटा' म्हणत, त्यात जास्त इज्जत होती.

दोन गोळ्या देताना वर व्याख्यान. आजच्या आज दोन्ही नाही, एक आत्ता आणि एक रात्री जेवून. पाणी भरपूर. दारू प्यायला असेल तर एकही नाही. "ही गोळी दुखणं फुकट नेत नाही," ते म्हणायचे. "नेते, पण हमाली पोटाकडून घेते." हे वाक्य ते मुद्दाम मला ऐकवतात असं मला वाटायचं. नंतर कळलं, सोनाराला 'घट पोटाकडून घेते' आणि मास्तरांना 'फी' म्हणत.

चहाच्या टपरीवर तेव्हा डोकेदुखीची पूड मिळायची, लाल कागदातली. साहेबांची गोळी आणि टपरीची पूड अशी जोड लावली की गुडघा दिवसभर गप्प बसतो, हा शोध मी स्वतः लावला होता. हुशारी दाखवायची म्हणून एकदा बोलून गेलो. साहेबांनी पुडीचा कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडं पाहिलं.

"नाव वेगळं, माल एकच. तुम्ही एकाच खळ्याचा उडीद दोन ढिगाऱ्यांत ओतून दोन भाव घेता, तसं. फक्त इथं गिऱ्हाईक तुमचंच पोट आहे."

बाहेर भुसार लाइनीतले चारजण हसले. उडदाची ती गोष्ट खरी होती, पण ती साहेबांना कुणी सांगितली हे मला आजतागायत समजलेलं नाही.

त्यांचे नियम फक्त आमच्यावर असते तर मी त्यांना ढोंगी म्हणून मोकळा झालो असतो. पण रमजानात त्यांच्या गल्लीतले म्हातारे गुडघे धरून यायचे, त्यांनाही तेच. रोजा आहे, तर इफ्तारनंतर पोटभर जेवून या, नाहीतर घरी शेक घ्या. एका रमजानात साहेबांचीच दाढ सुजली. गाल असा फुगला की टोपी वाकडी बसायला लागली. चार दिवस ते दिवसभर गोळ्यांच्या बरण्यांमध्ये बसून कण्हत होते. मी मुद्दाम जाऊन पुढं उभा राहिलो.

"घ्या की साहेब एखादी. तुमच्याच दुकानातली हाय."

"जेवलो नाही," ते म्हणाले.

हसायला गेलो होतो, पण हसू आलं नाही. जो माणूस स्वतःलाही सूट देत नाही, त्याच्याशी घासाघीस कुठून सुरू करायची?

आता बाटलीचं सांगतो.

अडत टाकली त्या वर्षापासून मी तुळजापूरच्या देवीचे नऊ दिवस धरत होतो. नवरात्रात अनवाणी राहायचं, दिवसभर चहा आणि पाणी, सांजेला मूठभर शेंगदाणे. तेरा वर्षांत एकदाही मोडलं नाही. आणि नवरात्र येतं ते नेमकं उडीद-मुगाच्या आवकेत. सकाळपासून बाजार उभा. मी त्या दिवसांत बसलो तर माझे शेतकरी शेजारच्या अडतीवर माल ओतणार, हे मला माहीत होतं आणि शेजाऱ्याला त्याहून जास्त माहीत होतं. तो रोज सकाळी चौकशी करायचा, "पाय कसा हाय?" असा प्रेमानं विचारायचा की गुडघ्यात कळ यायची.

चौदाव्या वर्षी घटस्थापनेच्या आधी गुडघा सुजून भोपळा झाला. साहेबांच्या दोन-दोन गोळ्यांवर हंगाम निघणार नव्हता. मी येडशीला जाऊन छोट्या आगगाडीनं लातूर गाठलं आणि ती बाटली आणली. शंभर गोळ्या, आणि औषधवाल्यानं एक सवाल विचारला नाही. केवढं बरं वाटलं. गावी आल्यावर बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधली, पोत्याला मारायचो ती माझी हमाली गाठ मारली आणि कोनाड्यात देवीच्या मागं ठेवली.

गोळीनं उपास मोडतो का, हे मी आमच्या पुजाऱ्याला विचारून घेतलं होतं. औषधाला दोष नाही, ते म्हणाले. झालं. सकाळी दोन, दुपारी दोन, सांजेला एखादी, आणि मधे टपरीची पूड. सगळं रिकाम्या पोटी, वर कडक चहा. गुडघा कसा लोण्यासारखा. दुसऱ्या माळेला मी ढिगाऱ्यावर चढून सौदे केले. शेजाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

चौथ्या माळेपासून कानात येडशीची गाडी शिट्टी द्यायला लागली. पोटात निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. आणि पाचव्या दिवशी परसाकडला काळं झालं, चिकट, डांबरासारखं. साहेबांचा तिसरा सवाल आठवला नाही असं नाही. पण माणूस आपल्या सोयीचं समजतो. नऊ दिवसांच्या उपासानं अंगातलं पाप बाहेर पडतंय, असं मी धरून चाललो. पाप काळं असतं हे लहानपणापासून ऐकलं होतं. आणि माझ्या धंद्याच्या मानानं रंग बरोबर वाटला.

"तोंड पांढरंफटक पडलंय तुमचं," बायको म्हणाली.

"उपासानं."

"तेरा उपासांत पडलं न्हवतं."

मी तिच्यावर खेकसलो. नड कळू द्यायची नाही, हे घरातही पाळायचो.

सातव्या माळेला सकाळी बाजारात माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ढिगाऱ्याला हात टेकून सावरलो. घाम सुटला होता आणि तो गार होता. चक्करवर काहीतरी घ्यावं म्हणून साहेबांचं दुकान गाठलं. आत दोन बायका उभ्या होत्या, आणि बाकड्यावर मलमाची डबी न्याहाळत शेजाऱ्याचा मुनीम बसला होता.

"साहेब, जरा चक्कर येते. काहीतरी द्या."

साहेबांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली. आणि सुरू झाले, बाजाराच्या टोकापर्यंत.

"जेवलात का?"

"उपास हाय."

"कानात शिट्टी वाजते?"

"न्हाय."

"परसाकडला काळं होतं?"

मुनिमाच्या हातातली डबी थांबली. बायकांनी पदर सावरले. हो म्हटलं तर दुपारच्या आत सगळ्या बाजारात जाणार होतं की हा आडवा झाला. चौदा वर्षांत जमवलेले शेतकरी संध्याकाळी शेजाऱ्याच्या दारात गाड्या सोडणार.

"न्हाय," मी म्हणालो.

"पुन्हा सांगा, ऐकू आलं नाही."

"न्हाय म्हटलं ना."

साहेब माझ्या तोंडाकडं बघत राहिले. का ते मला सांगता येणार नाही. पण मी खांद्यावरचा रुमाल ओढला, साहेबांचा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. सवयच ती. तोंडानं येईना ते हातानं निघालं.

साहेब सौदे करणारे नव्हते, पण पेठेत दुकान होतं. रुमाल काय असतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हात काढून घेतला नाही. तेच सवाल पुन्हा, त्याच आवाजात, पण सावकाश विचारले. जेवलात का? मी हात ढिला ठेवला, म्हणजे नाही. कानात शिट्टी? बोट दाबलं. काळं होतं? दाबलं. मग नुसते ओठ हलवून, किती दिवस? दोन बोटं. बाहेरची गोळी खाल्ली? दाबलं. रोज किती? पाची बोटं धरली, आणि पुडीचं आणखी एक.

 मग साहेब मुनिमाकडं वळून दणदणीत आवाजात म्हणाले, "सेठचा आणि माझा सौदा पटला. माल आत्ताच्या आत्ता धाराशिवला पोचवायचा आहे. कुणाची ट्रक भरलीय?"

मुनीम डबी ठेवून उठला. साहेब कसल्या मालाची खरेदी करतात हे त्याला आधी मालकाला सांगायचं होतं. तो मालक म्हणे दुपारपर्यंत औषधी बियांचे भाव काढत बसला होता.

उडदाच्या पोत्यांवर घोंगडं टाकून मला निजवलं. शेजारी साहेब, दुकान उघडं टाकून आलेले. जाता जाता माझ्या घरी ट्रक थांबवून त्यांनी बायकोकडून बाटली मागून घेतली होती. ती त्यांच्या शेरवानीच्या खिशात होती आणि सुतळीची गाठ बाहेर लोंबत होती.

"काय झालंय मला?" येरमाळ्याच्या पुढं मी विचारलं.

"पोटात आतून जखम. रक्त जातंय. ते पोटात काळं होऊन बाहेर येतं."

"पाप न्हाय म्हणायचं."

"ते वेगळं," साहेब म्हणाले. "ते अजून आतच आहे."

येडशीच्या अलीकडं रामलिंगाचं रान लागलं. ट्रक हळू झाली. साहेब समोर बघत बोलायला लागले आणि त्या दिवशी त्यांचा आवाज लहान होता, म्हणून मला नीट आठवतं. त्यांची आई सांधेदुखीची. ते दवाखान्यात नवे होते तेव्हा तिच्यासाठी पुड्या आणायचे. डॉक्टर म्हणत खाऊन घ्यायच्या; साहेब म्हणत, घेत असेल. रमजानात म्हातारी दिवसभर उपाशी, आणि पहाटे सहरीला नुसत्या पाण्याबरोबर पूड घ्यायची. तिला काळं होत होतं. सुनेला कसं सांगायचं आणि मुलाला तर कसं सांगायचं, म्हणून सांगितलंच नाही. रोजे धरत धरत एक दिवस नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला बसली ती तिथंच कलंडली.

"लाजेनं गेली माझी आई," साहेब म्हणाले. "मी रोज पन्नास माणसांना पुड्या देत होतो. कुणाला विचारत नव्हतो. कसं विचारायचं, वाटायचं."

मी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं असतं, वाईट वाटलं. मला राग आला. इतकी वर्षं या माणसाच्या ओरडण्यावर मी मजेत चिडत होतो, आणि आता ती सोयही त्यांनी काढून घेतली.

दवाखान्यात मला रक्त दिलं. तासातासाला दूध पाजायचे. दूध उपासाला चालतं, तेव्हा माझे नऊ दिवस मोडले नाहीत, हे साहेबांनीच दसऱ्याला येऊन बायकोला पटवलं. पण महिनाभर मला उठू दिलं नाही, आणि ज्याची भीती होती तेच झालं. उडदाचा तो हंगाम शेजाऱ्यानं खाल्ला. माझे निम्मे शेतकरी पुढच्या वर्षी परत आले, निम्मे आलेच नाहीत. हे मी साहेबांना बोलून दाखवलं. मला धाराशिवला न्यायचं होतं, तर बाजार उठल्यावर नेलं असतं.

"बाजार उठेपर्यंत तुम्ही जगातून उठला असता," ते म्हणाले. "आणि हंगाम दरसाल येतो, सेठ."

हे जिवंत राहिलेल्या माणसाला ऐकवायला सोपं असतं.

बाटली परत मागायला गेलो तर ती फळीवर मांडलेली. जो कुणी जास्त गोळ्या मागेल त्याला साहेब ती खाली काढून दाखवत. "ही बाटली बघा. एक सेठ आहेत, मी नाव सांगणार नाही. उपाशीपोटी बत्तीस खाल्ल्या. डांबर, डांबर व्हायला लागलं." नाव खरंच सांगत नव्हते. पण गळ्याला माझी गाठ होती आणि ती गाठ सगळा बाजार ओळखत होता.

"माझी बाटली द्या."

"तुमचं पोट एकदा फाटलंय. आता जन्मभर ही गोळी नाही, ती पूडही नाही. शिवलेल्या पोत्यात तुम्ही खसखस भरता का?"

"खाणार न्हाय. नुसती घरी ठेवतो."

"कोनाड्यात? देवीच्या मागं?"

बायकोनं सगळं सांगितलं होतं. मग मला निर्गुडीचा पाला आणि गरम वाळूची पिशवी मिळायची. आणि काठी. दर हंगामाच्या तोंडाला मी बाटली मागायचो, दर वेळी नाही. एकदा अर्ध्या गोळ्यांवर यायला तयार झालो. एकदा नुसती रिकामी बाटली मागितली. रिकामी बाटली कुणाला काय शिकवणार, म्हणाले.

त्याहून मोठी गोष्ट रुमालाची. मी बरा होऊन आलो तर साहेबांच्या दुकानात खिळ्याला एक रुमाल टांगलेला. तिसऱ्या सवालाला कुणी अडखळलं की साहेब तो हातावर टाकायचे. परक्या पुरुषाचा हात बाया कशा धरतील, म्हणून त्यांच्यासाठी फळीवर रुमालाखाली दोन दाणे ठेवायचे, एक तुरीच्या डाळीचा, एक काळ्या उडदाचा. बाईनं खरा असेल तो दाणा पुढं सरकवायचा. सवाल मात्र होता तसाच, बाजारभर ऐकू जाणारा. पण उत्तर गुपचूप. खेड्यापाड्यांतून बाया यायला लागल्या. ज्या कधी बोलल्या नसत्या त्यांनी उडीद सरकवला आणि धाराशिवची गाडी धरली. लोक साहेबांच्या अकलेचं कौतुक करायचे.

रुमालाची अक्कल माझी होती. चौदा वर्षांचा माझा धंदा त्यात होता. साहेबांनी एकदाही, कुणापुढंही, ते सांगितलं नाही. एकदा मी स्वतःच बोललो, तर म्हणाले, "हौ, सांगतो की. पण मग त्या दिवशी रुमालाखाली काय बोललात तेही सांगावं लागेल."

शेवटची भेट त्यांच्या घरी. वाऱ्याचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती आणि कान तर पुरते बंद. खाटेवर निजलेले, भोवती लेक, सून, नातेवाईक. बाहेर ओट्यावर भेटायला आलेली माणसं, त्यात शेजारचा अडत्याही. तो मला बघून सरकला आणि म्हणाला, "पाय कसा हाय?"

मी आत जाऊन खाटेशी बसलो. साहेबांनी डोळे उघडले. अंग चिपाडासारखं झालं होतं, आवाज तेवढा शिल्लक होता.

"जेवलात का?"

मी मान डोलावली.

"कानात शिट्टी?"

नाही म्हणून मान हलवली. मग तिसरा सवाल आला, होता तसा, ओट्यापर्यंत. सून खाली बघायला लागली. मी खांद्यावरचा रुमाल त्यांच्या हातावर टाकला, खाली हात धरला आणि ढिला ठेवला. काळं नाही. ते वाट बघत राहिले. कळलं नसेल म्हणून मी हात पुन्हा धरला आणि ढिला सोडला. मग माझ्या ध्यानात आलं, तो उजवा हात होता. त्याला काही कळतच नव्हतं.

"काळं होतं का?" त्यांनी पुन्हा विचारलं. आता त्यांच्या डोळ्यांत काळजी होती. मान हलवून भागेना. त्यांना माझ्या मानेवर कधीच भरवसा नव्हता.

मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि होता नव्हता तेवढा दम लावून ओरडलो.

"पिवळं होतं, साहेब. चांगलं पिवळं."

बाहेर ओट्यावरची कुजबुज थांबली. साहेबांच्या तोंडाची डावी बाजू हसली.

"शाबास, बेटा," ते म्हणाले.

माणूस नरम दिसला की भाव काढायचा, हा धंद्याचा नियम. मी पुन्हा वाकलो. "आता तरी बाटली द्या."

हे मात्र त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

"नाही," ते म्हणाले.

साहेब गेले. त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावर त्यांचा मुलगा माझ्या अडतीवर आला. दुकान आता तोच चालवणार होता. हातात बाटली. "चाचा, ही तुमची ना? घेऊन टाका."

मी ती घेतली. सुतळीची गाठ जशीच्या तशी होती. झाकण काढलं तर सिरक्यासारखा आंबूस वास आला; गोळ्या पिवळट पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. झाकण लावून मी बाटली त्याच्या हातात परत दिली.

"फळीवर नेऊन ठेव," मी म्हणालो. "माझा सौदा तुझ्या वडलांशी चाललाय. तू मधे पडू नको."